करटोलीचा वेल फुलतो, पण फळत का नाही?

संपादक महोदय,

पावसाळ्यात करटोली महाग म्हणून अनेकजण परसात बी टोचतात. वेल मांडवभर पसरतो, फुलतो, पण फळ एकही नाही. मग खतांचा मारा सुरू! दोष खताचा नसतो. करटोलीत नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. बियांचे निम्मे वेल नर निघू शकतात आणि फूल येईपर्यंत ते ओळखू येत नाहीत. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे काटेरी फळ दिसते. नर फुलाला तिथे टोपीसारखे हिरवे पान असते. तेव्हाच वेलांना खुणेची चिंधी बांधावी आणि पुढल्या वर्षी कंदच लावावेत. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर पुरे. कंद मेअखेरीस, कोंब वर ठेवून, दोन इंच खोल लावावा. पाणी तुंबले की कुजलाच. फुले संध्याकाळी उमलतात. वेल दोन-चारच असतील तर त्याच वेळी नर फुलाचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलके टेकवावेत. फळ दोन आठवड्यांच्या आत, बी कोवळे असतानाच तोडावे. दिवाळीनंतर वेल वाळतो. तो मेला समजून कंद उपटू नयेत, फक्त पाणी थांबवावे.

– एक वाचक, चिपळूण