पाच माणसं आणि एक वेबसाइट

वाई, रविवार

प्रिय शिरीष,

स.न.वि.वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटपायी. महिनाभरात उभी करतो, असं मोठ्या ऐटीत लिहिलं होतं ना तुला? केली उभी. आणि पहिल्याच दिवशी एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी ती आडवी केली.

फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "सर, तुमच्याकडच्या पुस्तकाची मुदत वाढवून बघा." शेजारी बसलो, तोंड बंद ठेवून. हे फार अवघड रे! दर दहा सेकंदांनी जीभ शिवशिवते, "अहो, ते वरचं दाबा ना." पण तसं सांगितलं की सगळं मुसळ केरात. घरी बसून वापरणाऱ्याच्या शेजारी मी थोडाच असणार आहे?

वर कोपऱ्यात मेनूच्या तीन आडव्या रेघा होत्या. सर म्हणाले, "ही छपाईतली चूक दिसते." कसाबसा मेनू उघडला, तर आत 'अन्वेषण' आणि 'नूतनीकरण'. शुद्ध मराठीचा माझा सोस! काउंटरवर येऊन आजवर कुणी म्हटलंय का, "माझं नूतनीकरण करा"? लोक म्हणतात, "मुदत वाढवून द्या." याकोब नील्सन नावाच्या डॅनिश तज्ज्ञाने १९९४ साली वापरसुलभतेची दहा तत्त्वं मांडली, त्यातलं एक नेमकं हेच आहे: वापरणाऱ्याच्या तोंडची भाषा वापरा. मी ते महिनाभर आधी वाचलं होतं. वहीत उतरवूनही घेतलं होतं!

पुढची गंमत ऐक. मोबाइल नंबर टाकायचा होता. सरांच्या फोनवर मराठी कीबोर्ड, त्यामुळे त्यांनी अंकही मराठीत टाकले. लाल अक्षरांत उत्तर आलं: 'अवैध माहिती.' सरांनी पुन्हा टाकला. पुन्हा अवैध. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस माझ्यासमोर आपलीच चूक शोधत बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मराठी अंक आले की आतल्या आत बदलून घ्यायचे, दोन ओळींचं काम होतं ते. आता केलंय. शिवाय नंबर अपुरा असेल तर 'दहा अंक हवेत, नऊच आलेत' असं सरळ सांगतो. 'अवैध' हा शब्दच काढून टाकला, तो पोलीस चौकीत शोभतो.

याच नील्सनने २००० साली लिहिलंय की पाच जणांना वापरायला बसवलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. पन्नास जण गोळा करत बसू नका, पाचांवर दुरुस्त करा आणि पुन्हा पाच बसवा. मग मीही पाच गाठले. एका काकूंनी 'पाककृति' असं शोधलं, आमच्या यादीत 'पाककृती'. निकाल शून्य! वाचनालयात पाककृतींचं पुस्तक नाही म्हणजे काय, म्हणून त्या माझ्यावरच भडकल्या. आता शोधताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मी मानतच नाही. (आपल्या मराठीच्या बाईंना कळवू नकोस.) कॉलेजातल्या एका पोराचा अंगठा 'रद्द करा'वर पडला, कारण ते बटण 'पुढे जा'ला अगदी खेटून होतं.

दिसण्यातही मी मार खाल्ला. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर फार देखणी वाटायची, पण व्हरांड्यातल्या उन्हात काही म्हणजे काही दिसेना. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे साइट अधू नजरेच्या माणसालाही वापरता यावी म्हणून केलेले, नियम सांगतात की साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ : १ हवं, माझं निम्म्यावरही नव्हतं. आणि इंग्रजी साइटचं बघून अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं, तर शिरोरेषाच तुटली! 'वाचनालय' दात पडल्यासारखं दिसायला लागलं. ओळींमधलं अंतर मात्र आपल्याला इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

पहिल्या पानावर सरकती चित्रं टाकायला मला आठ दिवस लागले होते. पाचांपैकी एकानेही ती बघितली नाहीत. काढली. जरा जड गेलं, खोटं कशाला बोलू.

आता तुझ्याकडे एक काम. दुसऱ्या फेरीसाठी चार माणसं मिळालीत, पाचवे तुझे अण्णा हवेत. दुवा पाठवतो. त्यांना एवढंच सांग की बागकामाचं एखादं पुस्तक शोधा आणि राखून ठेवा. तू शेजारी बस, पण मदत करू नकोस. कुठे थांबतात, काय पुटपुटतात, तेवढं लिहून घे. आणि वेबसाइट मी केली आहे हे अजिबात बोलू नकोस, नाहीतर ते सगळंच छान म्हणतील.

वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
दिनू