दोन प्रती म्हणजे सुरक्षितता नव्हे

मा. संपादक यांस,

संगणकप्रणाली बंद पडल्यावर संस्थांकडून जे खुलासे येतात, त्यांत एक वाक्य बहुधा असतेच : ‘सर्व माहिती दोन सर्व्हरवर साठवलेली असल्याने काळजीचे कारण नाही.’ क्लस्टरमधील, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या गटातील, सर्व्हरवर मिरर केलेले (दोन ठिकाणी जसेच्या तसे लिहिले जाणारे) सामायिक व्हॉल्यूम, म्हणजे साठवणुकीचे विभाग, उभारण्याचे आणि सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या आधारे सांगतो, की हे वाक्य खोटे नसले तरी अपुरे आहे. दोन प्रतींत तफावत पडली तर खरी कोणती मानायची, याचा निर्णय कोण आणि कसा करणार हे आधीच ठरलेले नसेल, तर दुसरी प्रत आधार न राहता नवी अडचण होऊन बसते.

एकच माहिती दोन डिस्कवर लिहिण्याची कल्पना जुनी आहे. १९८८ साली पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कली येथील संशोधकांनी ‘रेड’ ही अनेक डिस्क एकत्र वापरण्याची संकल्पना मांडली, तेव्हा तिच्या पहिल्या पातळीवर हेच मिररिंग होते. मात्र दोन्ही डिस्क एकाच सर्व्हरमध्ये असतील, तर त्या सर्व्हरचा मदरबोर्ड जळताच दोन्ही एकदम हाताबाहेर जातात. म्हणून नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवण्याची पद्धत आली. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, २०१० पासून समाविष्ट असलेली डीआरबीडी, तसेच ग्लस्टर, सेफ आणि विंडोज सर्व्हरमधील स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट ही या कामाची परिचित साधने आहेत.

यात पहिला प्रश्न असतो तो थांबण्याचा. दोन्हीकडे नोंद झाल्याशिवाय ‘लिहिले’ असे उत्तर द्यायचे नाही, ही समकालिक पद्धत. प्रकाशकिरण काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे शंभर किलोमीटरवरील सर्व्हरकडे जाऊन परत येण्यास किमान एक मिलिसेकंद लागतो, आणि प्रत्येक लेखनाला तेवढे थांबणे भाग पडते. हा विलंब टाळण्यासाठी असमकालिक पद्धत निवडली, तर पहिला सर्व्हर अचानक गेल्यास शेवटच्या काही नोंदी दुसऱ्याकडे पोहोचलेल्याच नसतात. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेचे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जाळे अवघे ४३ सेकंद तुटले. तेवढ्यात पश्चिम किनाऱ्यावरील डेटाबेस मुख्य झाले, दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेल्या नोंदी उरल्या आणि सेवा पूर्ववत होण्यास चोवीस तासांहून अधिक काळ गेला. तिथे प्रतिकृती डेटाबेसच्या पातळीवर होती, व्हॉल्यूमच्या नव्हे, पण पेच तोच.

याच पेचाला आमच्या क्षेत्रात ‘स्प्लिट-ब्रेन’ म्हणतात. मी तो अगदी जवळून पाहिला आहे. एका संस्थेत दोन सर्व्हर होते आणि त्यांना जोडणारा मार्ग एकच होता. तो मार्ग तुटला तेव्हा दोन्ही सर्व्हर सुस्थितीत होते. परंतु प्रत्येकाने दुसरा मेला असे गृहीत धरून व्हॉल्यूमचा ताबा घेतला. निम्मे वापरकर्ते एका बाजूच्या स्विचवर आणि निम्मे दुसऱ्या बाजूच्या, त्यामुळे सुमारे चार तास दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी होत राहिल्या आणि कोणाच्याही पडद्यावर एकही चूक दिसली नाही. जोडणी परत आल्यावर सॉफ्टवेअरने प्रती एकत्र करण्यास नकार दिला, आणि तो योग्यच होता, कारण डिस्कवरील खंडांना (ब्लॉकना) त्यांत लिहिलेल्या नोंदींचा अर्थ कळत नसतो. शेवटी आम्ही एक बाजू खरी मानली, दुसरीची प्रत वेगळी काढून ठेवली आणि तिच्यातील नोंदी माणसे बसवून एकेक करून पुन्हा भरल्या.

हे टाळण्याचे उपाय अवघड नाहीत. सभेच्या कामकाजाला जशी गणपूर्ती लागते तशीच ती क्लस्टरलाही लागते. दोघांच्या मतभेदात बहुमत होऊ शकत नाही, म्हणून तिसरा साक्षीदार हवा. त्याने सगळी माहिती साठवण्याची गरज नसते. ग्लस्टरमधील आर्बिटर (लवाद) फक्त फायलींची नावे आणि त्यांचे तपशील ठेवतो, तर कोरोसिंक या क्लस्टर सॉफ्टवेअरचे कोरम (गणपूर्ती) डिव्हाइस नुसते मत देते. हा साक्षीदार त्या दोघांपैकी एकाच्याच खोलीत, त्याच वीजजोडणीवर ठेवणे मात्र व्यर्थ आहे. दुसरा उपाय फेन्सिंगचा, म्हणजे संशयित सर्व्हरचा वीजपुरवठा किंवा डिस्कपर्यंतचा मार्ग तोडून मगच ताबा घेण्याचा. हा उपाय अनेकांना कठोर वाटतो. पण गप्प झालेला सर्व्हर मेलेलाच असतो असे नाही, तो काही क्षण अडकून पुन्हा जागा होऊ शकतो आणि आपणच मुख्य आहोत अशा समजुतीने लिहू लागतो. पेसमेकर या क्लस्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फेन्सिंग मुळातच चालू असते. शिकताना सोयीसाठी ते बंद केले जाते आणि पुढे तीच मांडणी जशीच्या तशी प्रत्यक्ष वापरात येते. वर सांगितलेल्या संस्थेत नेमके हेच झाले होते.

याच संदर्भात आणखी एक चूक वारंवार आढळते. मिरर केलेला व्हॉल्यूम दोन्ही सर्व्हरवर दिसतो म्हणून तो ईएक्सटी४ किंवा एक्सएफएससारख्या नेहमीच्या फाइल प्रणालीसह (डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीसह) दोन्हीकडे एकाच वेळी माउंट केला, म्हणजे वापरासाठी जोडला, जातो. प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या मेमरीतील माहितीवर विसंबून लिहितो आणि दुसऱ्याने केलेले बदल पुसून टाकतो. फाइल प्रणाली अल्पावधीत नासते. दोघांनीही लिहायचे असेल, तर सामायिक कुलुपे (एका वेळी एकानेच बदल करावा यासाठीची) सांभाळणारी जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ यांसारखी क्लस्टर फाइल प्रणालीच लागते. माझे मत असे, की बहुतेक संस्थांना त्याची गरजच नसते. एकाने लिहावे आणि तो पडल्यास दुसऱ्याने जागा घ्यावी, एवढे त्यांना पुरते.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. चुकून पुसलेली फाइल दुसऱ्या प्रतीतूनही त्याच क्षणी नाहीशी होते आणि खंडणीसाठी कुलूपबंद केलेली फाइल दोन्हीकडे कुलूपबंदच होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या गिटहबसारखीच सेवा देणाऱ्या कंपनीत दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरील डेटाबेस पुसला गेला. नेमलेल्या बॅकअप पद्धती ऐनवेळी उपयोगी पडल्या नाहीत आणि योगायोगाने काढून ठेवलेल्या सहा तास जुन्या प्रतीवर काम भागवावे लागले. त्या कंपनीने हे सारे उघडपणे मांडले, याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

म्हणून माझी विनंती अशी, की अशी प्रणाली ताब्यात घेताना संस्थांनी केवळ ‘दोन प्रती आहेत’ या लेखी हमीवर सही करू नये. प्रणाली वापरात आणण्यापूर्वी, संस्थेच्या प्रतिनिधीसमोर, दोन सर्व्हरमधील केबल काढावी, एका सर्व्हरची वीज तोडावी, साक्षीदाराचा संपर्क खंडित करावा आणि त्या वेळी कोण लिहितो व कोण थांबतो ते नोंदवून ठेवावे. त्यानंतर बॅकअपमधून एक पूर्ण व्हॉल्यूम वेगळ्या यंत्रावर परत उभा करून दाखवण्यास सांगावे. लहान मांडणीत केबल आणि वीज तोडून पाहण्याला अर्धा दिवस पुरतो. वर उल्लेखलेल्या संस्थेत आम्ही तो अर्धा दिवस मागितला होता आणि वेळ नाही म्हणून तो आम्हाला मिळाला नव्हता.

आपला विश्वासू,
एक सर्व्हर व्यवस्थापक