मिनिटं किती देणार, एवढं आधी विचारून घे

रोनोक, व्हर्जिनिया

चि. चिन्मयला बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी हूं-हूं करत राहिलो, त्यामुळे बाबांना पसंत नाही असं तू धरून चालला असशील. तसं काही नाही. कंपनीची ऑफर सोडून कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता थोड्या पैशांत राबणारा मदतनीस कोच, म्हणून जायला माझी ना नाही. आईचीही नाही, तिला फक्त स्टायपेंडचा आकडा ऐकून घाम फुटला. सांगलीला आजीला मी सांगितलंय की पोरगा कॉलेजात शिकवणार आहे. ते काही खोटं नाही.

मला विचारायचंय ते वेगळंच आहे. तू जिथे चालला आहेस तिथे स्पेशल टीम्सला, म्हणजे पंट, किकऑफ अशा लाथेच्या खेळ्यांच्या तुकड्यांना, सरावात मिनिटं किती मिळतात? आणि त्या मिनिटांत पोरं कुठली मिळतात? तू मला लॉकर रूम दाखवलीस, जिमचे फोटो पाठवलेस, हेड कोच किती मनमिळाऊ आहे तेही सांगितलंस. ही दोन उत्तरं मात्र तुझ्याकडे नव्हती.

आपण या भागात राहायला आलो तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसातले लोक ओढून ब्लॅक्सबर्गला घेऊन जायचे, व्हर्जिनिया टेकच्या लेन स्टेडियममध्ये. मला पहिल्यांदा कळलं ते पंट अडवणं, म्हणजे समोरचा संघ चेंडू लाथेने लांब उडवून देत असताना तो मध्येच रोखणं, कारण तिथे सगळं स्टेडियम पंटच्या वेळी उभं राहायचं. बाकीच्या गावांत लोक त्याच वेळी हॉट डॉग आणायला जातात. याला कारण फ्रँक बीमर. हिल्सव्हिल-फॅन्सी गॅपकडचा माणूस, १९८७ ते २०१५ अशी २९ वर्षं व्हर्जिनिया टेकचे हेड कोच, आणि स्पेशल टीम्स ते स्वतः बघायचे. हेड कोचच तिथे उभा म्हटल्यावर वेळ कोण कापणार? इतर ठिकाणी पंटच्या तुकडीत बदली पोरं आणि पहिल्या वर्षाचे फ्रेशमन भरतात. बीमर पहिल्या फळीतली पोरं घालायचे, आणि त्या पोरांनाही त्यात मान वाटायचा.

वेळ का लागतो हे तुला मी सांगायला नको, पण माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला ते कसं दिसतं ते ऐक. स्नॅप, म्हणजे दोन पायांच्या मधून फेकलेला चेंडू, १५ यार्ड मागे पंटरकडे जायला पाऊण सेकंद, आणि स्नॅपपासून लाथ बसेपर्यंत सगळे मिळून दोन सेकंद, फार तर थोडे जास्त. तेवढ्यात पंट अडवायला कडेने येणाऱ्या पोराने पंटरच्या अंगावर जायचं नसतं. पंटरच्या पुढे एक रिकामी जागा असते, चेंडू पाय सोडून वर येतो ती, आणि तिथे दोन्ही हात जवळ धरून पोचायचं. जागा एका पावलाने चुकली तर पंटरला धडक, १५ यार्डांचा दंड आणि चेंडू परत त्यांच्याकडेच. शिवाय डोळे उघडे ठेवायचे. समोरून माणूस पूर्ण ताकदीने लाथ मारतोय आणि आपण तोंड तिकडे करून जायचं, तेव्हा कुणाचेही डोळे मिटतात. ते मिटायचे थांबतात फक्त पुन्हा पुन्हा करून. ते फळ्यावर शिकवता येत नाही, व्हिडिओ दाखवूनही होत नाही. म्हणून मी मिनिटं विचारतोय.

आणि इतकं करूनही काय होतं ते बघ. बीमर यांची सगळ्यात मोठी मॅच म्हणजे ४ जानेवारी २००० ची शुगर बोल, राष्ट्रीय विजेतेपदाची. आक्रमण चालवायला क्वार्टरबॅक मायकल विक होता, हंगामात एकही हार नव्हती. फ्लोरिडा स्टेटने ४६–२९ ने हरवलं. त्या दिवशी टेकचाच पंट अडवून त्यांनी टचडाउन केला, आणि वर त्यांच्याच पीटर वॉरिकने दुसरा एक पंट ५९ यार्ड पळवत नेला. स्पेशल टीम्सचं विद्यापीठ म्हणवणाऱ्यांना त्यांच्याच औषधाची मात्रा. कॅमेरा बीमरांवरच होता. दुसऱ्या कुठल्या संघात तो स्पेशल टीम्सच्या कोचवर गेला असता.

मिशिगन आणि मिशिगन स्टेटची २०१५ ची मॅच आपण दोघांनी सोफ्यावर बसून पाहिली होती, तुला आठवत असेल. मिशिगन २३–२१ ने पुढे, दहा सेकंद उरलेले, फक्त पंट मारायचा होता. स्नॅप खाली आला, पंटरच्या हातून सुटला, आणि मिशिगन स्टेटचा जेलन वॉट्स-जॅक्सन तो घेऊन ३८ यार्ड पळाला. खेळ खल्लास, २७–२३. त्याआधीचे ५९ मिनिटं ५० सेकंद कुणाला आठवत नाहीत. आणि जिंकून देणाऱ्या त्या पोराचं त्याच धावेत कंबरेचं हाड निखळून मोडलं, म्हणजे जिंकणाराही धड घरी गेला नाही. तुझ्या धंद्यात असा दिवस येणार हे मी धरूनच चाललोय. तो आला तर तो सरावातल्या ढिलाईने यावा की नशिबाने, एवढाच फरक तुझ्या हातात आहे. निदान तुला तरी रात्री झोप लागेल.

आता या वाटेने लोक पोचतात कुठे? जॉन हार्बॉ १९८९ ते १९९६ सिनसिनाटी विद्यापीठात हेच काम करत होता. मग एक वर्ष इंडियाना, मग फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाच्या स्पेशल टीम्स. २००८ मध्ये बाल्टिमोरने त्याला हेड कोच केलं तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत त्याने सख्ख्या भावाच्या संघाला हरवून सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगची अंतिम मॅच, जिंकला. मला त्यात नवल वाटत नाही. क्वार्टरबॅकच्या कोचच्या समोर तीन-चार पोरं असतात. स्पेशल टीम्सवाल्याला आक्रमणातली, बचावातली, लाडावलेली, चिडलेली, बाकावर कुजणारी सगळीच पोरं सांभाळावी लागतात, आणि ती दुसऱ्या कोचकडून उसनी मागून आणावी लागतात. माणसं हाताळायचं शिक्षण याहून मोठं कुठलं?

शेन बीमरचंही बघ. तुझ्यासारखाच लाँग स्नॅपर, पंटरकडे चेंडू मागे फेकणारा, बापाच्याच संघात. २००० मध्ये जॉर्जिया टेकला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागला. मग टेनेसी, मिसिसिपी स्टेट, साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया टेक, जॉर्जिया, ओक्लाहोमा, आणि २०२१ च्या हंगामात साउथ कॅरोलिनाचा हेड कोच. एवढ्या मोठ्या बापाचं पोर असून वीस वर्षं गावोगाव बिऱ्हाड हलवलं. तुझ्या बापाला तर या धंद्यात कुणी ओळखतही नाही. (पहिल्याच वर्षी बोल गेम, म्हणजे हंगामानंतरची मानाची मॅच, जिंकल्यावर त्याच्या डोक्यावर बादलीभर मेयोनेज ओतलं. आईला तो व्हिडिओ दाखवू नकोस, ती आधी शर्टाचं काय झालं ते विचारेल.)

हेड कोच मनमिळाऊ आहे म्हणालास, म्हणून हेही लिहितो. १९९२ मध्ये बीमर यांचा संघ २–८–१ असा आपटला, दोन जय, आठ हार, एक बरोबरी. विद्यापीठाने त्यांना ठेवलं. हाताखालचे काही कोच मात्र गेले. पुढच्या वर्षापासून सलग २३ हंगाम टेक बोल गेमला गेलं, त्याचं कौतुक सगळे करतात. त्या गेलेल्यांची घरं कुठे हलली ते कुणी विचारत नाही. तू त्या दुसऱ्या रांगेतला असणार आहेस. साहेब टिकला तरी तू टिकशीलच असं नाही, आणि साहेब गेला तर तू गेलासच.

नियमही बदललेत. २०२४ पासून मैदानात शिकवायला पूर्वीसारखं दहा असिस्टंटचं बंधन उरलं नाही, त्यामुळे पडद्यामागे विश्लेषण करणारी ॲनालिस्ट मंडळीही मैदानात उतरतात. तुला शिरकाव करायला ते बरं. पण २०२५ पासून, निदान मोठ्या कॉलेजांत, संघ १०५ जणांचा. चार वर्षं स्कॉलरशिपविना मान खाली घालून दोन पायांच्या मधून चेंडू फेकत राहिलेल्या तुझ्यासारख्या वॉक-ऑन पोरांचीच जागा त्यात पहिल्यांदा जाणार. आणि किकऑफला जीव तोडून धावणारी तीच पोरं होती. तिथला कोच या कामाला कुणाला वापरणार आहे, हे विचार. पहिल्या फळीतले खेळाडू देतो म्हणाला तर कुठले, नावं विचार. सुरुवातीला तो सगळ्यालाच हो म्हणेल.

उत्तर दिवसाला दहा मिनिटं आणि शेवटी, सगळे दमल्यावर, असं आलं तर दुसरीकडे बघ. पगार जास्त असला तरी. वीस मिनिटं आणि हेड कोच स्वतः तिथे उभा, असं असेल तर डोळे मिटून जा. गाव कितीही आडबाजूचं असू दे.

बाकी व्यवहाराचं. २६ वर्षांचा होईपर्यंत आरोग्यविमा आमच्याच पॉलिसीवर राहील, तिकडचा महाग असेल तर घेऊ नकोस. जुनी होंडा घेऊन जा, मी टायर बदलून ठेवलेत. कंपनीला नकार कळवायचा तो ईमेलने नको, फोन करून त्या बाईंचे आभार मान, त्यांनी तुझ्यासाठी दोनदा मुदत वाढवली आहे. आणि तिकडे फोन शुक्रवारच्या आत कर. आई तिळाचे लाडू पाठवतेय, ते लाँग स्नॅपरांना वाटून दे.

तुझे,
बाबा