बांधापलीकडची हाक

अंबाजोगाई

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या चौदाही कथा दोनदा वाचल्या. संग्रह निघायलाच हवा आणि तो चांगला निघायला हवा, म्हणून हातचं न राखता लिहितोय.

आधी ‘बिंदगी’, म्हणजे आंबिलीचं मडकं. वाटणीनंतर अबोला धरलेले दोन भाऊ, मध्ये बांध आणि येळवशीचा, म्हणजे शेतात जेवणावळी होतात त्या वेळ अमावास्येचा दिवस. विषय सोन्यासारखा आहे. पण तिसऱ्या पानावर तू लिहितोस, ‘थोरल्याच्या मनात अपराधाची भावना दाटून आली.’ हे वाक्य काढ. येळवशीला वाटेनं चाललेल्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी शेजारच्या शेतात सख्खा भाऊ असून त्याला हाक जात नाही, यात थोरल्याचं सगळं मन आलं. अडचण एवढीच, की हा रिवाज लातूर-धाराशिवकडच्या माणसाला ठाऊक. नाशिकच्या वाचकाला त्या न मारलेल्या हाकेचा अर्थ लागणार नाही. त्यासाठी माहिती देत बसू नकोस. सुरुवातीलाच थोरल्यानं एखाद्या सायकलवाल्याला थांबवावं, ‘जेवल्याबिगर जायचं नाही’ म्हणत कडब्याच्या कोपीजवळ बसवावं, भज्जी-उंडे वाढावेत. दहा-बारा ओळी पुरेत. शेवटी भाऊ गळ्यात पडून रडतात ते दीड पान नको. जेवणं आटोपल्यावर बायको विचारते, ‘बिंदगी रिकामी करू का?’ आणि तो आंबिलीकडं बघत म्हणतो, ‘राहू दे थोडी.’ तिथंच थांब.

हाच दोष कमीजास्त प्रमाणात सगळीकडं आहे. लाल पेन घे आणि ‘मन’, ‘भावना’, ‘जाणवलं’, ‘दाटून’, ‘गलबलून’ या शब्दांखाली रेघ मार. नुसतं ‘गलबलून’ नऊ वेळा आलंय. रेघ मारलेलं प्रत्येक वाक्य झाकून प्रसंग वाच. अर्थ पोचत असेल तर वाक्य गेलं. पोचत नसेल तर उणीव त्या वाक्यात नाही, आधीच्या प्रसंगात आहे. तिथं हाताची एखादी हालचाल, एखादी वस्तू, एखादं अर्धवट उत्तर कमी पडलंय.

‘उंबरा’त मात्र नेमकं उलटं झालंय. सून माहेरी का गेली, आजी तिची सासू की आजेसासू, हेच सहाव्या पानापर्यंत कळत नाही. वाचक भावनेपर्यंत पोचतच नाही, नातीच जुळवत बसतो. कोण कुणाचं कोण, वय काय, घटना कधीची, हे पहिल्या दीड पानात स्वच्छ येऊ दे. लपवायचं ते फक्त तिला काय वाटतं ते.

संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत ही तुझी रीत ठेव. पण हीच आजी एका पानावर ‘काय करायलास’ म्हणते, पुढच्या पानावर ‘काय करूलालास’. दोन्ही रूपं आपल्याकडचीच, पण माणूस एक तर रूप एक. प्रत्येक पात्राची पाच-सहा क्रियापदं एका कागदावर लिही आणि तोच कागद प्रूफ वाचणाऱ्याला दे, नाहीतर तो सगळं ‘काय करतोस’ करून टाकेल.

आता निवड. चौदाही शेवट एका कागदावर उतरवून बघ: सहा कथा डोळ्यांतल्या पाण्यावर संपतात. त्यातल्या दोन ठेव, बाकी चार बाजूला काढ. त्या वाईट नाहीत, पण एकमेकींचा जोर कमी करतात. उरलेल्या दहांत ‘उंबरा’ दुरुस्त झाली तर ती पहिली, कारण तिच्यात माणसं थोडी आहेत. ‘बिंदगी’ दुसरी. सासू-सुनेच्या दोन्ही कथांत किमान तीन कथांचं अंतर हवं. सर्वांत लांब कथा पाचवी, म्हणजे तोवर वाचकाला तुझी चाल सरावाची झालेली असेल. आणि ‘सुमन’ हे नाव दोन कथांत आहे, एकीचं बदल.

दहा कथा म्हणजे साधारण ३४ हजार शब्द. डेमी आकारात पानाला २६० शब्द धरले तर १३१ पानं. सुरुवातीची ८ पानं आणि प्रत्येक कथा नव्या पानावर घेताना रिकामी जाणारी जागा धरून १४४, म्हणजे सोळा पानी ९ फॉर्म (एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा म्हणजे फॉर्म). १४६ झाली तर दोन पानांसाठी कागद वाढेल. तेव्हा टाइप बारीक करायला होकार देऊ नकोस, मजकूर काप. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर विचार.

जुन्या कथा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत ना? युनिकोडमध्ये नेताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘वाऱ्याचं’ ‘वार्याचं’ होतं. पहिलं प्रूफ फक्त या चुकांसाठी वाच, दुसरं संवादांसाठी. तिसरं मोठ्यानं वाच, शक्यतो आईसमोर. बोलीतला खोटा शब्द त्या लगेच पकडतील.

‘बिंदगी’ दुरुस्त झाली की तेवढी एकच आधी पाठव.

तुझा,
विनायक