मंत्रीसाहेब, युनियनच्या अर्जावरच्या त्या पहिल्या सात सह्यांचं काहीतरी करा

मा. कामगार मंत्री साहेब,
स.न.वि.वि.

युनियन म्हटलं की लोकांना संप आणि घोषणाच आठवतात, युनियनवाला म्हणजे कामचुकार असं सर्रास बोललं जातं, म्हणून आधी थोडं मागचं सांगतो. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर जखमी झालेल्याला मदत, बस अशाच साध्या. त्यातली रविवारची सुट्टी मिळायला 1890 उजाडलं. आज ती सगळे घेतात, युनियनला नावं ठेवणारे सुद्धा. एकट्या कामगाराने मागितली असती तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता, म्हणून तर युनियन लागते.

पुढे मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या वादात कोर्टाने युनियनच्या पुढाऱ्यांवरच मनाई हुकूम काढला, म्हणजे संघटना बांधायची तरी चोरी. तेव्हा कामगार पुढारी ना. म. जोशींनी 1921 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला आणि 1926 चा ट्रेड युनियन कायदा आला. रजिस्टर झालेल्या युनियनला कायद्याचं कवच मिळालं.

पण साहेब, रजिस्टर व्हायच्या आधी काय? मी स्वतः सही केलीय म्हणून विचारतो. अर्जाला किमान सात जण लागतात. आम्ही जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारले, हाताचं ग्रीस पुसलं तरी कागदावर अंगठ्याचा काळा डाग उठलाच, आणि एकेकाने सही केली. सातव्याने पेन हातात घेऊन दोनदा खाली ठेवलं, त्याच्या घरी लग्नाची बहीण होती. नऊ दिवसांनी दोघांची बदली, तिघांना कामावर येऊ नका म्हणून निरोप, अर्ज तिथेच बारगळला.

युनियनमध्ये भाग घेतला म्हणून काढणं ही कायद्याने बंदी असलेली 'अनुचित प्रथा' आहे हे मला माहितीय, पण ते कोर्टात सिद्ध कामगाराने करायचं, तेही पगार बंद असताना, तारखांवर तारखा घेत. आणि 'संरक्षित कामगार' (वाद चालू असताना ज्याला परवानगीशिवाय काढता येत नाही तो) हा दर्जा फक्त रजिस्टर्ड युनियनच्या पदाधिकाऱ्यांना मिळतो, म्हणजे ज्यांनी ती युनियन उभी करायची त्यांच्यामागे त्या काळात कुणीच नाही.

माझी मागणी एकच आहे. अर्ज दाखल झाल्या दिवसापासून निकाल लागेपर्यंत, आणि त्यानंतरही सहा महिने, त्या सह्या करणाऱ्यांना तुमच्या खात्याच्या लेखी परवानगीशिवाय ना काढता यावं ना बदलता यावं, आणि काढलंच तर कारण मालकाने सिद्ध करावं. एवढी दुरुस्ती येत्या अधिवेशनात मांडा, लेखी उत्तराची वाट बघतोय.

आपला,
त्या सातांपैकी एक