बिब्बा विकताना दोन शब्द सांगा

महोदय,

थंडी पडली, टाचांना भेगा पडू लागल्या, की काष्ठौषधींच्या दुकानात बिब्बा मागणारे वाढतात. दुकानदार चार बिब्बे पुडीत बांधून देतो. कसा लावायचा, कोणी लावू नये, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. परिचारिका म्हणून नोकरी करताना बिब्बा उतलेले कितीतरी पाय मी पाहिले आहेत. मधोमध काळा डाग, भोवती टरारलेले फोड, आणि तेलकट बोटे लागून मान, पापण्याही सुजलेल्या.

बिब्ब्याचा गुण मी नाकारत नाही. आयुर्वेदात भल्लातक, म्हणजे हाच बिब्बा, मानाचे औषध आहे; पण त्याच आयुर्वेदाने त्याला विषारी द्रव्यांत धरले आहे आणि विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध केल्याशिवाय वैद्य तो वापरत नाहीत. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीतही त्याचे नाव आहे. त्यामुळे तो घातलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असे छापावे लागते. आपण मात्र अख्खा बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरतो आणि ठिबकणारे कच्चे तेल थेट भेगेत सोडतो!

‘मागच्या वर्षी लावला होता, काही झाले नाही’ हे नेहमीचे उत्तर. बिब्ब्याची अॅलर्जी अशीच असते. पहिल्या खेपेला शरीर गप्प राहते, पुढच्या खेपेला एक-दोन दिवसांत अंग उठते. बिब्बा आंबा-काजूच्याच कुळातला, म्हणून आंब्याचा चीक ज्यांना बाधतो त्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना तर चटका कळतही नाही, जखम चिघळल्यावरच लक्षात येते. लहान मुलांना तो कधीच लावू नये.

भेगांसाठी कोमट पाण्यात पाय भिजवून कोकमाचे तेल पातळ करून चोळावे. बिब्ब्याचे तेल अंगाला लागलेच तर ताबडतोब साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे, नखांखालीही. फोड फोडू नयेत, वर चुना लावू नये. चेहरा किंवा डोळे सुजले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अन्न व औषध प्रशासनाने सुट्या बिब्ब्याच्या पुडीवरही मराठीत ठळक इशारा छापणे सक्तीचे करावे, आणि तोवर दुकानदारांनी पुडी देताना निदान तोंडाने तरी सांगावे, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, परभणी