किसचा तो टीव्ही सिनेमा हसण्यावारी नेऊ नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एस फ्रेली गेल्यावर आपल्या रविवार पुरवणीत त्याच्यावर लेख आला, तो वाचून बरं वाटलं, मराठी पेपरात किस या चेहरे रंगवून वाजवणाऱ्या चौघांच्या अमेरिकन रॉक बँडच्या गिटारिस्टवर अर्धं पान म्हणजे छानच. पण त्यात 'किस मीट्स द फँटम ऑफ द पार्क' या सिनेमाला एका ओळीत निकालात काढलंय, 'थिएटरमध्ये आपटलेला हास्यास्पद चित्रपट' असं काहीतरी म्हणून. हे वाचून राहवेना म्हणून लिहायला बसले.

पहिलं म्हणजे अमेरिकेत तो थिएटरमध्ये आलाच नव्हता, टीव्हीसाठी बनवलेला सिनेमा होता तो. २८ ऑक्टोबर १९७८ ला, शनिवारी, हॅलोविनच्या तोंडावर एनबीसी चॅनलवर दाखवला. बनवला कोणी तर हॅना-बार्बेराने, म्हणजे स्कूबी-डू आणि फ्लिंटस्टोन्सवाले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कार्टून नेटवर्क बघत मोठी झालेली सगळी पोरं या कंपनीला ओळखतात. थिएटरमध्ये आला तो परदेशात, १९७९ मध्ये, 'अटॅक ऑफ द फँटम्स' नावाने, आणि ते व्हर्जन बरंच वेगळं आहे, सीन इकडचे तिकडे केलेत आणि पार्श्वसंगीत बदलून चौघांच्या सोलो अल्बममधली गाणी टाकलीत. लेख लिहिणाऱ्यांनी ही दोन्ही एकच धरलेली दिसतात.

आता हास्यास्पद म्हणाल तर मला मान्यच आहे की सिनेमा भडक आहे, स्वस्तात उरकलाय. मारामारीत कार्टूनमधले ठोसे वाजतात, बँडमधल्या पॉल स्टॅनलीच्या डोळ्यातून लेझर निघतो, जीन सिमन्स तोंडातून आग ओकतो आणि बोलतो तेव्हा विहिरीतून बोलल्यासारखा आवाज घुमतो, पांढऱ्या केसाळ माकडांसारखे रोबो येऊन मार खाऊन जातात. लहान मुलांनी टीव्हीसमोर मांडी ठोकून बघावं असंच ते आहे, आणि ते मुलांसाठीच होतं! त्या वेळी किसचे मोठे फॅन म्हणजे शाळकरी पोरंच होती, मार्व्हलने १९७७ मध्ये त्यांच्यावर कॉमिक काढलं तेव्हा छपाईच्या लाल शाईत चौघांचं थोडं थोडं रक्त मिसळलं होतं, इतकं ते वेड होतं. अशा बँडने टीव्हीवर गंभीर सिनेमा करावा अशी अपेक्षा कुणी का धरावी?

पण माझा मुद्दा तो नाहीये. मुद्दा असा की या सिनेमात जी गोष्ट आहे तीच पुढे या बँडच्या बाबतीत खरी झाली, आणि एसवर लिहिताना तर ती सांगायलाच हवी होती.

गोष्ट थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन या पार्कमध्ये एबनर डेव्हरो नावाचा कारागीर आहे, हुबेहूब जिवंत वाटणारे यांत्रिक पुतळे बनवणारा. पार्कचा मालक पैसा किसच्या कॉन्सर्टकडे वळवतो, याच्या कामाकडे लक्ष देत नाही, शेवटी याला कामावरून काढतो. मग हा सूड घेतो. आधी जीनचा एक पुतळा रात्री पार्कमध्ये सोडतो, तो स्टॉल मोडतो, गार्डना बदडतो, आणि दुसऱ्या दिवशी आळ येतो खऱ्या जीनवर. मग किसची शक्ती ज्या ताईतांमध्ये आहे ते पळवायचे, खऱ्या चौघांना कोंडायचं आणि स्टेजवर चार खोटे उभे करायचे, असा त्याचा प्लॅन. खोटा किस गाणंही बदलून गातो, 'हॉटर दॅन हेल'च्या चालीवर तोडफोडीचे शब्द, म्हणजे पब्लिक भडकावं आणि पार्क उद्ध्वस्त व्हावं. खरे चौघं सुटून येतात, स्टेजवर खऱ्या-खोट्याची मारामारी होते आणि शो पुढे सुरू होतो.

डेव्हरोचं काम अँथनी झर्बेने केलंय, १९७६ चा एमी मिळवलेला नट, पुढे बाँडच्या 'लायसन्स टू किल'मध्येही होता. हा माणूस अख्ख्या सिनेमात एकदाही 'हे काय चाललंय' असा चेहरा करत नाही. स्वतःच्या पुतळ्यांशी बोलतो तेव्हा त्या माणसाचं काम हातातून गेलंय हे दिसतं, मला तर व्हिलनपेक्षा तो बिचाराच वाटतो. त्याचा राग कशावर आहे बघा, माणसं खरी कारागिरी सोडून मेकअप आणि धुराच्या मागे धावतात यावर. आणि स्कूबी-डूशी ताडून बघा, तिथे शेवटी भुताचा मुखवटा निघतो आणि आत चोर सापडतो, इथे उलटं, व्हिलन उघड्या चेहऱ्याने फिरतो आणि हिरोंचे रंगवलेले चेहरे शेवटपर्यंत उतरत नाहीत, कारण तेव्हा किस लोकांसमोर बिनमेकअपचे येतच नव्हते, ते आले थेट १९८३ मध्ये.

आता पडद्यामागे काय झालं ते बघा. पीटर क्रिस हा ड्रमर, त्याचे संवाद त्याच्या आवाजात नाहीतच, मायकल बेल नावाच्या कलाकाराने डब केलेत. म्हणजे पीटर तोंड हलवतोय आणि आवाज भलत्याचाच. रात्रीच्या सीनमध्ये साध्या गिटारवर 'बेथ' हे गाणं येतं तेवढ्यापुरता त्याचा खरा आवाज ऐकू येतो, आणि त्या एका मिनिटात सिनेमा एकदम जिवंत होतो, बघा तुम्ही. एसला तर आधीच्या स्क्रिप्टमध्ये संवादच नव्हते, नुसतं 'अ‍ॅक' असं ओरडायचं होतं म्हणे, त्याने तक्रार केल्यावर चार ओळी मिळाल्या. मग तो शूटिंगवर वैतागायचा, निघून जायचा, आणि त्याच्या जागी डुप्लिकेट उभा करायचे. काही शॉटमध्ये तो डुप्लिकेट चक्क ओळखू येतो, तो काळा माणूस होता आणि मेकअप असूनही ते लपलेलं नाहीये. लोक या शॉटवर मीम बनवतात. मला मात्र ते बघून हसू येत नाही. खोट्या किसची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमातच निर्मात्यांनी एकाच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घातला आणि एकाच्या मेकअपमध्ये दुसरा माणूस घातला, डेव्हरो दुसरं काय करत होता?

आणि पुढचं तर सगळ्यांसमोर आहे. पीटर १९८० मध्ये गेला, एस १९८२ मध्ये. १९९६ ला चौघं परत आले, गाजलं, पुन्हा फाटाफूट झाली, आणि मग एसचा रुपेरी मेकअप टॉमी थेअरने आणि पीटरचा मांजरीचा मेकअप एरिक सिंगरने लावला आणि वर्षानुवर्षं तसेच शो झाले. दोघंही वाजवण्यात उत्तम आहेत, त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही मला, पण चेहरा एसचा होता ना! मग २ डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटचा शो झाला आणि तो संपल्यावर पडद्यावर कोण आलं तर किसचे डिजिटल अवतार, यापुढे हेच वाजवणार म्हणून. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने बनवलेले, म्हणजे स्टार वॉर्सच्या इफेक्टवाले, आणि गंमत म्हणजे १९७८ चा सिनेमाही 'स्टार वॉर्ससारखं काहीतरी' म्हणूनच बँडच्या गळी उतरवला होता असं सांगतात. जे १९७८ मध्ये व्हिलनचं कारस्थान होतं ते २०२३ मध्ये बँडने स्वतःच जाहीर केलं आणि पब्लिकने टाळ्या वाजवल्या. यावर एक ओळ तरी आपल्या लेखात हवी होती की नको?

अजून एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते हा सिनेमा जपायला ती एकच पुरे. मे १९७८ मध्ये मॅजिक माउंटनच्या पार्किंग लॉटमध्ये सिनेमासाठी खरी कॉन्सर्ट केली होती, हजारो पोरं समोर, रात्रीची वेळ. सप्टेंबरमध्ये चौघांचे चार सोलो अल्बम एकाच दिवशी आले आणि तिथून प्रत्येकाची तोंडं वेगळीकडे वळायला लागली. त्याच्या चार महिने आधीचं हे शूटिंग आहे. 'शाउट इट आउट लाउड' चालू असताना एसकडे बघा, चेहऱ्यावर काही नाही, डोकं जरा वाकडं, खांदा सैल सोडलेला, आणि बोटं मात्र अजिबात घाई न करता बरोबर जागी पडतायत. इथे डुप्लिकेट नाही की डबिंग करणारा नाही. संवाद म्हणताना अवघडलेला हाच माणूस गिटार गळ्यात आल्यावर किती मोकळा होतो ते या सिनेमाइतकं सरळ कुठेच दिसत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकामागोमाग आहेत. बँडवाल्यांना स्वतःला हा सिनेमा आवडायचा नाही, त्यांच्यासमोर नाव काढायची सोय नव्हती म्हणतात, ते त्यांचं त्यांच्यापाशी. शेवटी २००७ मध्ये त्यांनीच 'किसॉलॉजी'च्या दुसऱ्या डीव्हीडी सेटमध्ये परदेशी व्हर्जन टाकलं, मीही तेच आधी पाहिलं आणि टीव्हीवालं नंतर. नव्याने बघणाऱ्यांनी मात्र टीव्हीवालं आधी बघावं, हॉइट कर्टिनचं कार्टूनवालं पार्श्वसंगीत त्यातच आहे आणि त्याशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या रविवारी निदान चौकटीत दुरुस्ती छापा, की हा टीव्ही सिनेमा होता, तारीख अमुक, आणि परदेशातलं व्हर्जन वेगळं. जागा असेल तर टीव्हीसाठी बनलेल्या अशा सिनेमांवर एखादी लेखमाला चालवा, सत्तरच्या दशकात अमेरिकन चॅनल्सनी असे ढीगभर सिनेमे काढलेत आणि मराठीत त्यावर माझ्या वाचनात काही आलेलं नाही. आणि लेखासोबत जो फोटो छापलाय त्याखाली एसचं नाव आहे, पण तो मेकअपवरून मला तरी टॉमी थेअर वाटतोय. फोटो कोणत्या वर्षीचा आहे ते कृपया तपासून घ्या.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली